ज्याची मिनिटं त्याला

कांबळेकाकांना किती वाजले असं विचारलं की ते लगेच सांगत नसत. मनगट डोळ्यांसमोर धरायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि गप्प उभे राहायचे. विचारणाऱ्याला वाटायचं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. तो पुन्हा विचारायचा, तेव्हा काका दुसऱ्या हाताने त्याला थांब म्हणून खुणावायचे. सेकंदाचा काटा फिरत फिरत बारावर आला की मगच तोंड उघडायचे. "आता. अकरा वाजून सतरा मिनिटं." तोवर विचारणाऱ्याची निम्मी घाई ओसरलेली असायची आणि उरलेल्या निम्म्या घाईत तो काकांना मनातल्या मनात शिव्या देत निघून जायचा.

पहिल्या भेटीत मीही दिल्या. लातूरच्या ट्यूशन एरियातल्या एका क्लासमध्ये मी वेळापत्रक सांभाळायचे. पाच मजले, अडतीस खोल्या, सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत तासांवर तास. घाई हाच माझा धर्म. असंच एकदा पायऱ्या उतरताना दारात खांद्याला झोळी लावून उभ्या असलेल्या गृहस्थांना मी वेळ विचारली, तर त्यांनी मला जवळजवळ मिनिटभर ताटकळत ठेवलं. मी म्हटलं, काका, अंदाजे सांगितलं असतं तरी चाललं असतं. ते शांतपणे म्हणाले, "अंदाजे तर तुमच्याकडं बी हाय की, म्याडम. ते काय, भिंतीवर." आणि त्यांनी ऑफिसातल्या घड्याळाकडे बोट केलं. ते दहा मिनिटं पुढे होतं. मला राग आला आणि हसूही आलं, आणि हेच नांदेडहून येणार होते ते घड्याळवाले कांबळे, हे मला तेव्हा कळलं.

ते दहा मिनिटांचं प्रकरण आधी सांगायला हवं. आमच्याकडे घड्याळ पुढे ठेवायची रीत आहे. घरात पाच मिनिटं, दुकानात सात, ऑफिसात दहा. उशीर होऊ नये म्हणून ठेवायचं आणि ते पुढे आहे हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे मनात वजाबाकी करून निवांत निघायचं. आमच्या क्लासमध्ये तर प्रत्येक खोलीची वजाबाकी वेगळी. दोनशे तीनमध्ये चार, तीनशे एकमध्ये बारा, स्टाफरूममध्ये आठ. जुन्या सरांना हे पाढ्यासारखं पाठ होतं. आमचे संचालक बिराजदार सर तर मनगटावरचं घड्याळही बारा मिनिटं पुढे ठेवत आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

या वजाबाकीने एका मुलीचं नुकसान केलं, आणि त्यात माझा हात होता. दरवर्षी उन्हाळ्यात आमच्याकडे मोफत बॅचसाठी निवड परीक्षा व्हायची. रेणापूर, बिलोली, कुठून कुठून पोरं यायची. इस्लापूरहून रेखा नावाची नववी झालेली मुलगी आली होती. वडील शिलाईकाम करायचे. ती बसली पाचव्या मजल्यावर, पाचशे चार नंबरच्या कोपऱ्यातल्या खोलीत. आमची घंटा तळमजल्यावर. जनरेटर सुरू झाला की ती वर ऐकू जात नसे, म्हणून पेपर हातात पडल्यावर सुरुवात करायची आणि खोलीतल्या घड्याळाने संपवायचं असा रिवाज होता. त्या खोलीवर देखरेखीला मी एक नवीन बाई लावली होती. जुनी बाई असती तर तिने मनात दहा वजा केले असते. नवीन बाईंनी घड्याळावर विश्वास ठेवला, एवढीच त्यांची चूक. दोनला दहा कमी असताना त्यांनी पेपर ओढून घेतले. रेखाची तीन गणितं कच्च्या कागदावर सुटलेली होती, गोल काळे करायचे राहिले होते. एका गुणाने तिची निवड हुकली.

आठ दिवसांनी तिचे वडील आले. भांडायला आले असतील म्हणून मी तयारीत बसले होते. ते खुर्चीवरसुद्धा बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "म्याडम, लेकीची धा मिनिटं कुठं गेली तेवढं सांगा." मग त्यांनीच सांगितलं, की दहावीनंतर आणखी एक डाव देऊ, नाहीच जमलं तर पोरगी यंत्रावर बसेल, घरात दुसरं यंत्र आहेच. तो माणूस पायऱ्या उतरून गेला. पुढचे कित्येक महिने मी सरांच्या डोक्याशी भुणभुण लावली, की या इमारतीतली सगळी घड्याळं एक करा. शेवटी सरांनी नांदेडच्या एका दवाखान्यात तारांशिवाय एकमेकांशी मिळून चालणारी घड्याळं पाहिली, आणि ती बसवणाऱ्या माणसाला बोलावणं धाडलं.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्य लातूरच्या एक्स्चेंजमध्ये गेलं, घर नांदेडला बांधलं. साठी उलटल्यावर शब्दकोश घेऊन इंग्रजी माहितीपुस्तकं वाचून ते हे काम शिकले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना ऑफिसात उभं करून यंत्रणा समजावली. तळमजल्यावर खिडकीशी एक डबा बसणार, त्याची तार गच्चीवर जाणार. तो डबा उपग्रहाकडून वेळ घेणार आणि ठरलेल्या वेळी सगळ्या घड्याळांना कळवणार. त्याला ते सरपंच म्हणायचे. सरपंचाचा आवाज वरपर्यंत पोचत नाही, म्हणून चौथ्या मजल्याच्या जिन्यात दुसरा छोटा डबा, तो ऐकलेलं पुढे ओरडणार. तो कोतवाल. आमचे शिपाई गुंडेरावमामा यांनी विचारलं, सरपंच वर कुणाचं ऐकतो? काका म्हणाले, आभाळाचं. मामांना ते इतकं पटलं की त्यांनी संध्याकाळी त्या डब्यासमोर उदबत्ती लावली.

पण आमच्या इमारतीच्या भिंती काही ऐकून घेईनात. भूकंपानंतर लातूरात ज्यांनी ज्यांनी बांधलं त्यांनी भीतीने बांधलं. आमच्या बिराजदार सरांनी तर सळया दुप्पट घातल्या होत्या. घड्याळाला पाठवलेली वेळ त्या लोखंडात अडकायची. मग काकांनी एक घड्याळ लेकरासारखं कडेवर घेतलं आणि मजल्यामजल्यावर फिरायला लागले. दोन पावलं चालायचे, थांबायचे, घड्याळाच्या तोंडाकडे बघायचे. काटे हलले तर भिंतीवर खडूने बरोबरची खूण, नाही हलले तर फुली. पोरं तास सोडून दाराशी यायची. काका कुणालाही हाकलत नसत, उलट हातात खडू द्यायचे. मी सातव्यांदा विचारलं, की काका, किती दिवस चालणार हे? ते म्हणाले, "म्याडम, मी घड्याळ बसवून राहिलो न्हाई. टाइम बसवून राहिलोय. त्याला टाइम लागतो." पाचशे चारने सगळ्यात जास्त छळलं. एका बाजूला लोखंडी जिना, डोक्यावर पाण्याची टाकी. तिथलं घड्याळ कधी पहिल्या हाकेला ओ देत नसे. दोन-तीन हाका मारल्या की मग जागचं हलायचं.

आणि मग ती सकाळ आली. अडतीस घड्याळं भिंतींवर, सगळ्यांचे काटे बारावर खिळलेले, कारण नवीन सेल टाकले की ती बारावर जाऊन हाकेची वाट बघत बसतात. काकांनी प्रत्येक खोलीत एक-एक माणूस उभा केला. मी तिसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात होते. खालून काकांनी सरपंचाचं बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही. मग समोरच्या खोलीतले काटे सुटले. गरगर गरगर, वेड लागल्यासारखे. शेजारच्या खोलीतून आरडाओरडा, वरून टाळ्या, कोण कुणाला हाका मारतंय कळेना. काटे पळाले, पळाले आणि नऊ वाजून बत्तीसवर येऊन असे थांबले, की जसे काही जन्मापासून तिथेच होते. मी या खोलीतून त्या खोलीत धावले. बत्तीस, बत्तीस, बत्तीस. मला माझ्या वयाचं भान राहिलं नाही, मी चक्क जिन्यात उडी मारली. पाचशे चार तेवढं तिसऱ्या हाकेला जागं झालं, आणि काकांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

खरा घोटाळा सोमवारी झाला. सगळी घड्याळं बरोबर, आणि सगळा स्टाफ उशिरा. भौतिकवाले आठ मिनिटं, गणितवाले बारा. कारण उघड होतं. घड्याळं सुधारली होती, डोक्यातली वजाबाकी तशीच होती. पोरं वर्गात बसून खऱ्या वेळेकडे बघत होती आणि मास्तर अजून चहा पीत होते. बिराजदार सर संतापले. त्यांनी काकांना केबिनमध्ये बोलावून फर्मान काढलं, की हे काही कामाचं नाही, तुमचा तो सरपंच दहा मिनिटं पुढे करून टाका, म्हणजे एका फटक्यात सगळी घड्याळं पुढे. यंत्रात तशी सोय होती. काकांनी नाही म्हणून सांगितलं. सर म्हणाले, इमारत माझी आहे. रेखाचं मी काकांना आधीच सांगितलं होतं. तेव्हा काका जे बोलले ते मी दारातून ऐकलं. "इमारत तुमची हाय, सर. टाइम तुमचा न्हाई. जुना मास्तर धा मिनिटं वजा करंल, नवा करणार न्हाई. मागच्या साली पोरीचं काय झालं, म्याडमला इचारा. खोटा टाइम ठेवायचा तर घड्याळं ठिवून घ्या, माझं नाव तेवढं सांगू नका कुणाला."

काकांनी आठ दिवस मागितले, सरांनी ते दिले. रोज सकाळी दहाच्या सुट्टीत ते छोटा रेडिओ घेऊन तळमजल्यावर उभे राहायचे आणि बातम्यांआधीचे ठोके वाजले की ज्याने त्याने तिथे आपलं मनगटावरचं घड्याळ मिळवायचं. पहिल्या दिवशी चौघे आले, तेही गंमत बघायला. काका एकेकाचं घड्याळ हातात घ्यायचे, किती पुढे आहे ते मोठ्याने सांगायचे आणि मालकाच्याच हाताने मागे करायला लावायचे. लोकांना हे जड जायचं. पुढे ठेवलेलं घड्याळ मागे करताना आपली काही कमाई जातेय असं वाटायचं. मलाही वाटलं, माझं सहा मिनिटं पुढे होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोरंच मास्तरांना ओढून आणू लागली. आठव्या दिवशी गर्दीच्या मागे बिराजदार सर उभे होते. ठोके वाजले, सरांनी कुणाकडे न बघता मनगटावरची चावी ओढली आणि बारा मिनिटं मागे फिरवली. काकांनी रेडिओ बंद केला आणि झोळीत टाकला.

याच दिवसांत एकदा जिन्यात डबा खाताना मी त्यांना विचारलं, की इतकं जिवाला का लावून घेता? ते भाकरीचा तुकडा हातात धरून बसले. मग सांगितलं ते तुटक तुटक. भूकंपानंतर खात्याने त्यांना उद्ध्वस्त झालेल्या एका गावाजवळ तंबूत टेलिफोन देऊन बसवलं होतं. रांग शेताच्या बांधापर्यंत. माणशी तीन मिनिटं असा नियम. टेबलावर घड्याळ होतं, पण त्याला सेकंदाचा काटा नव्हता. एक म्हातारे गृहस्थ आले, मुलगा पुण्याला कंपनीत होता, त्याला फोन लावला. मुलगा पलीकडून हॅलो हॅलो करत होता आणि यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मिनिटामागून मिनिट गेलं. शेवटी कसंबसं "बाळा, तुझी माय" एवढं बोलले, आणि टेबलावरच्या घड्याळाप्रमाणे तीन मिनिटं झाली. काकांनी लाइन तोडली.

"त्यांनी मला हात जोडले, म्याडम. कटकट न्हाई, काई न्हाई. रांगेच्या मागं जाऊन पुन्हा उभे राहिले. त्यांचा नंबर यायच्या आत लाइनच गेली, ती दुसऱ्या दिवशी आली. रात्री मी हिशेब केला. काटा नसलेल्या घड्याळात तीनची कधी सव्वादोनच भरतेत. त्यांचं पाऊण मिनिट माझ्याकडं राहिलं. ते आता कुठं नेऊन देऊ?" एवढं बोलून त्यांनी तो तुकडा तोंडात टाकला आणि चावत राहिले. मला रेखाचे वडील आठवले. दोघांचा प्रश्न एकच होता. त्या दिवसापासून मी काकांना वेळ विचारली की निमूट थांबायला लागले.

वर्ष फिरून परीक्षा आली. रेखाचा अर्ज आला, आणि आडनावांच्या क्रमाने तिची जागा कुठे यावी? पाचशे चार. मी खोडरबर घेऊन बसले होते, तिला दुसऱ्या मजल्यावर टाकणार होते. काका नांदेडहून त्या दिवसासाठी मुद्दाम आले होते. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तिथंच. घड्याळ बदललंय, खोली कशाला बदलायची?" मी ठेवली. पण खरं सांगते, त्या रात्री मला झोप लागली नाही. तिचा हा शेवटचा डाव होता.

परीक्षेच्या सकाळी पावणेअकराला मी वरच्या मजल्यावर गेले आणि जागच्या जागी थिजले. पाचव्या मजल्यावरच्या आठही खोल्यांत बारा वाजले होते. गुंडेरावमामा कौतुकाने वाट बघत उभे होते. त्यांनी पहाटे अंघोळ करून, शुभ काम म्हणून, वरच्या मजल्यावरच्या सगळ्या घड्याळांत नवे सेल टाकले होते. खालच्या मजल्यांसाठी सेल पुरले नाहीत म्हणून ती वाचली. नवे सेल पडताच आठही घड्याळं बारावर जाऊन हाकेची वाट बघत बसली होती, आणि हाताने फिरवायला त्यांना चावी नव्हती. सरपंचाची पुढची हाक दुपारी बाराला होती, आणि पेपर अकराला सुरू व्हायचा होता. मामांना ओरडावं असा त्यांचा चेहरा नव्हता. मी जिन्यातून काकांना हाक मारली, ते गुडघ्यावर हात ठेवत ठेवत चौथ्या मजल्यापर्यंत आले आणि थांबले. कोतवालाची वायर बोर्डातून काढून कुणीतरी तिथे मोबाइल चार्जिंगला लावला होता.

मोबाइल काढून काकांनी कोतवाल पुन्हा लावला. मला म्हणाले, "म्याडम, पळा. सरपंचाचं बटण दाबा अन् मनात पाचपर्यंत मोजा." मी पळाले. चार मजले मी कसे उतरले ते मला आठवत नाही. जिन्यात पालक बसलेले, त्यांच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, कुणाचा तरी डबा लाथाडला गेला. बटण दाबलं, पाच मोजले, पुन्हा वर. छाती फुटायची वेळ आली होती. वरच्या मजल्यावर पोरांचा गलका चालला होता, सात खोल्यांतले काटे पळत होते. आठव्या खोलीत, पाचशे चारमध्ये, बारा वाजले होते. रेखा तिसऱ्या बाकावर बसून त्या घड्याळाकडेच बघत होती. देखरेखीच्या बाई माझ्याकडे बघत होत्या. अकराला पाच कमी होते.

पुन्हा खाली जाऊन वर यायला माझ्यात त्राण नव्हतं. काका खोलीत शिरले, खुर्चीवर चढले, घड्याळ खिळ्यावरून उतरवलं आणि कडेवर घेतलं. मला म्हणाले, आता हाक मारायला तेवढं कुणाला तरी खाली धाडा. गुंडेरावमामा आधीच पळत सुटले होते. काका घड्याळ घेऊन जिना उतरू लागले, गुडघा वाकत नव्हता म्हणून आडवे आडवे. "सरका, सरका, टाइम जाऊन राहिला," एवढंच म्हणत होते. पालक उठून भिंतीला लागले. चौथ्या मजल्यावर कोतवालाच्या पुढ्यात ते उभे राहिले, घड्याळाचं तोंड त्याच्याकडे करून. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो, त्यात रेखाचे वडीलही होते. खालून मामांची आरोळी आली. काटे हलले. काकांच्या हातात ते घड्याळ गरगर फिरायला लागलं, आणि जिन्यातले सगळे पालक एकदम ओरडले.

दहा सत्तावन्न. काका पुन्हा वर निघाले. रेखाच्या वडिलांनी त्यांना काखेत धरून चढवलं, समोरचा कोण आहे ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. घड्याळ खिळ्यावर गेलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, मनगट डोळ्यांसमोर धरलं आणि थांबले. सगळी खोली थांबली. मग ते म्हणाले, "आता. अकरा." आणि पेपर वाटले गेले.

पुढचे तीन तास ते त्या खोलीच्या दाराशी बाकावर बसून होते. पाणी प्यायलासुद्धा उठले नाहीत. दोन वाजत आले, देखरेखीच्या बाई घाईने उठल्या आणि पहिल्या बाकावरचा पेपर उचलायला हात पुढे केला. काका दारातून म्हणाले, "बाई, अजून चाळीस सेकंद हायेत." बाई थांबल्या. मी रेखाकडे बघत होते. तिची मान खाली होती आणि पेन्सिल चालत होती. त्या चाळीस सेकंदांत तिने दोन गोल काळे केले, असं तिनेच पुढे मला सांगितलं. त्या दोन गोलांनी तिला जागा मिळाली की मिळणारच होती, हे कुणी सांगू शकत नाही. तिला जागा मिळाली. आज ती बिलोलीला जनावरांची डॉक्टर आहे. निकाल लागला तेव्हा मी नांदेडला फोन केला, तर काका म्हणाले, हाव, बरं झालं, आणि फोन धरून राहिले. मीही फोन ठेवला नाही.

दोन वर्षांपूर्वी काका गेले. मला उशिरा कळलं. मी नांदेडला त्यांच्या घरी गेले, तेव्हा काकू दारातच बसल्या होत्या. जय भीम झालं, पाणी झालं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या खाली काकांचा फोटो आणि शेजारी एक साधं सेलवरचं घड्याळ. सवयीने माझी नजर मनगटावर गेली, पुन्हा भिंतीवर गेली, आणि मला धक्काच बसला. ते घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं. कांबळेकाकांच्या घरात.

काकूंनी ओळखलं. म्हणाल्या, "मीच ठिवलं म्होरं. लातूरची गाडी चुकायची त्यांची. हे बराबर टायमावर निघायचे, अन् गाडी आधीच जायाची." मला हसू फुटलं, त्याही हसल्या. मी विचारलं, की मग काकांनी कधी मिळवून नाही घेतलं? एवढ्या दुनियेची घड्याळं मिळवली त्यांनी. काकू घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "म्या बी म्हणलं त्येंला, नीट करा की. तर म्हणायचे, ही धा मिनिटं तुझी हायेत. मी हात लावणार न्हाई."

मग काकू उठल्या, स्टूल ओढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, आता कुणाची गाडी गाठायचीय, द्या तुम्हीच मिळवून. मी स्टुलावर चढले, घड्याळ उतरवलं, त्याच्या पाठीवरची छोटी चावी धरली आणि काकूंची दहा मिनिटं एकेक करून मागे फिरवली. घड्याळ पुन्हा खिळ्यावर लावून खाली उतरले, तर काकूंनी विचारलं, "मग किती वाजले आता?"

मी मनगट डोळ्यांसमोर धरलं. डोळे भरले होते, आकडे नीट दिसत नव्हते. काकू वाट बघत उभ्या होत्या, आणि सेकंदाचा काटा अजून बारावर यायचा होता.